‘पेशंट इज फीवर’ असं मुली का लिहितात

जी.एन.एम. या नर्सिंगच्या पदविकेच्या पहिल्या वर्षाच्या वह्या तपासायला घेतल्या की सुरुवातीलाच हे वाक्य भेटतं : ‘पेशंट इज फीवर.’ पाठोपाठ ‘पेशंट इज पेन’ येतं, ‘पेशंट स्लीपिंग’ येतं. नर्सिंग कॉलेजात इंग्रजी शिकवायला लागल्यापासून ही वाक्यं मी कितीतरी वेगवेगळ्या अक्षरांत वाचली आहेत. लोक ती ऐकून हसतात, आणि त्या हसण्याचा मला मनापासून राग येतो. कारण असं लिहिणारी मुलगी आळशी नसते. तिला जे शिकवलं गेलं, ते तिने इमानाने वापरलेलं असतं.

तिच्या मनात मराठी वाक्य आहे : पेशंटला ताप आहे. ताप म्हणजे फीवर, आहे म्हणजे इज, आणि पेशंट तर पेशंटच. राहिला ‘ला’. त्याच्या जोडीचं इंग्रजीत काही सापडत नाही, म्हणून तो गळतो. पण वाक्याचा सगळा भार त्या ‘ला’वरच होता. मराठीत या वाक्याचा कर्ता ताप आहे, पेशंट चतुर्थीत बाजूला उभा आहे. इंग्रजीत पेशंट कर्त्याच्या जागी येतो, ताप कर्म होतो, आणि त्यामुळे क्रियापदही बदलतं : ‘द पेशंट हॅज फीवर.’ हे तिला शाळेत कुणी सांगितलेलं नसतं. ‘आहे म्हणजे इज’ एवढं मात्र पहिलीपासून सांगितलेलं असतं.

आमच्याकडे येणाऱ्या मुली सांगोला, जत, मंगळवेढा, आटपाडी या भागातल्या. बहुतेकींची शाळा जिल्हा परिषदेची, मराठी माध्यमाची. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आलं, त्याआधी ते पाचवीपासून असायचं. म्हणजे माझ्यासमोर बसलेली मुलगी बारा वर्षं इंग्रजी शिकून आलेली असते. शब्दांच्या आठही जाती तिला पाठ असतात. नाउन म्हणजे काय विचारलं, तर एका दमात सांगते, व्यक्ती, ठिकाण किंवा वस्तूचं नाव. मग मी विचारते, ‘पेन’ काय आहे? दुखणं. व्यक्ती आहे? नाही. ठिकाण? नाही. वस्तू? वर्गात शांतता पसरते. मागून एखादी चाचरत म्हणते, ‘मॅडम, दुखणं ही क्रिया आहे ना, मग व्हर्ब आसंल.’

ती बरोबर विचार करतेय. चूक त्या व्याख्येत आहे. वॉर्डात रोज लागणारी नामं बघा : फीवर, पेन, स्वेलिंग, ब्लीडिंग, वीकनेस, प्रेशर, पल्स. यातलं एकही हातात धरता येत नाही. वस्तूच्या नावावर बेतलेली व्याख्या इथं पहिल्याच दिवशी कोलमडते.

एक तास मी या आठ जाती आल्या कुठून, यासाठी राखून ठेवते. अभ्यासक्रमात तो नाही, पण मला तो आवश्यक वाटतो. आपल्याकडे यास्क या प्राचीन शब्दशास्त्रज्ञाने पदांच्या चार जाती मानल्या : नाम, आख्यात म्हणजे क्रियापद, उपसर्ग, आणि निपात म्हणजे बारीकसारीक अव्ययं. पाणिनीने तर शब्दाला कोणते प्रत्यय लागतात एवढंच बघितलं, आणि पदं दोन प्रकारची ठरवली, नामाचे प्रत्यय लागणारी सुबन्त आणि क्रियापदाचे लागणारी तिङन्त. ग्रीकांच्या आठ जाती होत्या, लॅटिनवाल्यांनी त्या आपल्या भाषेला बेतून घेतल्या. लॅटिनला ‘द’ सारखं उपपद नव्हतं, म्हणून ते खातं गेलं आणि त्याऐवजी उद्गारवाचकांचं खातं आलं. तिथून आठ जाती इंग्रजी व्याकरणात आल्या. १८३६ साली दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी मराठीचं व्याकरण लिहिलं तेव्हा इंग्रजी व्याकरणाचा तो साचा आपल्याकडे आला. हे ऐकलं की मुलींच्या चेहऱ्यावरचा ताण जरा उतरतो. आठ जाती म्हणजे देवाने घालून दिलेला नियम नाही, माणसांनी आपापल्या भाषेसाठी केलेली वाटणी आहे, हे एकदा कळलं की त्या प्रश्न विचारायला लागतात. ‘मग अ, अ‍ॅन, द कोणत्या जातीत?’ हा प्रश्न दर वर्षी येतो आणि मला तो फार आवडतो. जुनी पुस्तकं त्यांना विशेषणांत बसवतात, नवी पुस्तकं डिटर्मायनर, म्हणजे कोणतं नाम ते ठरवणारे शब्द, म्हणून वेगळं काढतात. आठचा आकडा पवित्र नाही, एवढं त्यातून समजतं.

यानंतर मी फळ्यावर एकच शब्द लिहिते, डिस्चार्ज. नर्सिंगच्या मुलीला हा शब्द शिकवावा लागत नाही, तिच्या गावातल्या म्हातारीलाही तो माहीत असतो. मग तीन वाक्यं लिहिते.

‘द पेशंट वॉज डिस्चार्ज्ड अ‍ॅट फोर पी.एम.’

‘देअर इज यलो डिस्चार्ज फ्रॉम द वुंड.’

‘द डिस्चार्ज कार्ड इज रेडी.’

पहिल्यात पेशंट घरी गेला, क्रियापद. दुसऱ्यात जखमेतून पिवळा स्राव येतोय, नाम. तिसऱ्यात तोच शब्द कार्डापुढे उभा राहून कोणतं कार्ड ते सांगतोय, विशेषणाचं काम करतोय. शब्द तोच, जात मात्र वाक्यात शिरल्यावर ठरली. मराठीत हे काम बरंचसं प्रत्यय करतात. ‘जखमेतून’ म्हटलं की ते नाम आहे हे त्याच्या अंगावरच लिहिलेलं असतं, वाक्यात कुठंही टाका. ‘डॉक्टरांना पेशंटने बोलावलं’ काय आणि ‘पेशंटने डॉक्टरांना बोलावलं’ काय, कोणी कोणाला बोलावलं हे बदलत नाही. इंग्रजीत डॉक्टर आणि पेशंट यांच्या जागा बदलल्या की बोलावणारा बदलतो. इंग्रजी शब्दाच्या अंगावर खुणा फार कमी उरल्या आहेत, म्हणून तो कुठं उभा आहे याला एवढं महत्त्व.

एखाद्या शब्दाची जात कोणती, असा सुटा प्रश्न मी म्हणूनच वर्गात विचारत नाही. आधी वाक्य द्यायचं, मग विचारायचं.

अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात चार्ल्स फ्राइझ नावाचे भाषेचे प्राध्यापक होते. त्यांनी टेलिफोनवरच्या संभाषणांचं सुमारे ५० तासांचं ध्वनिमुद्रण अभ्यासलं आणि १९५२ साली त्यावर आधारलेली इंग्रजी वाक्यरचनेची मांडणी प्रसिद्ध केली. जुन्या व्याख्या त्यांनी बाजूला ठेवल्या. एक साधं वाक्य घ्यायचं, त्यातली एक जागा मोकळी करायची, आणि तिथं जे जे शब्द बसतात ते एका जातीचे, अशी त्यांची रीत. माणसं प्रत्यक्ष फोनवर काय बोलतात त्यावरून व्याकरण बांधायचं हा विचार मला फार मोलाचा वाटतो, कारण माझ्या मुलींचं अर्धं इंग्रजी पुढं फोनवरच खर्च होणार असतं.

त्यांची रीत मी वॉर्डात आणली. फळ्यावर दोन मोकळ्या जागा : ‘द … इज क्लीन’ आणि ‘वी … द वुंड डेली’. पहिलीत मुली भराभर बसवतात, बेड, ट्रे, वुंड, शीट. दुसरीत वॉश, ड्रेस, चेक. मग कुणाच्या तरी लक्षात येतं की ‘क्लीन’ पहिल्या वाक्यात शेवटी आहे आणि तोच दुसऱ्या वाक्याच्या मोकळ्या जागेतही बसतो. तेव्हा वर्गात जी कुजबुज होते ती ऐकायला मी वर्षभर थांबलेली असते. व्याख्या न सांगता जात कळलेली असते.

आता पुन्हा त्या ‘ला’कडे येते, कारण सगळ्यात जास्त वेळ मी तिथंच घालवते. मराठीत पेशंटला जे जे काही होतं ते बहुतेक एकाच घाटाचं असतं. पेशंटला ताप आहे. पेशंटला उलटी झाली. पेशंटला चक्कर आली. पेशंटला धाप लागली. पेशंटला झोप लागली. पाचही वाक्यांत त्रास किंवा अवस्था नाम होऊन येते आणि पेशंटला येऊन भिडते. इंग्रजीत हीच पाच वाक्यं वेगवेगळ्या वाटांनी जातात. ताप नामच राहतो : हॅज फीवर. उलटीचं क्रियापद होतं : व्हॉमिटेड. चक्कर विशेषण होते : फेल्ट गिडी. धापही विशेषण : इज ब्रेथलेस. झोप पुन्हा क्रियापद : फेल अस्लीप म्हणा नाहीतर स्लेप्ट म्हणा.

शब्दांच्या जाती शिकायच्या त्या याच्यासाठी. मराठीतलं नाम इंग्रजीत गेलं की नामच राहील याची खात्री नाही, आणि हे ज्या मुलीच्या अंगवळणी पडलं तिच्या वहीतून ‘इज फीवर’ आपोआप नाहीसं होतं. पाठांतर करावं लागत नाही. मी त्यांना एक वही करायला लावते, डाव्या पानावर ‘पेशंटला…’ ने सुरू होणारी मराठी वाक्यं, उजव्या पानावर ‘द पेशंट…’ ने सुरू होणारी इंग्रजी, आणि इंग्रजीतल्या मुख्य शब्दाखाली त्याची जात. वॉर्डात ड्यूटी लागली की ही वही भरभर वाढते. खाज, मळमळ, हुडहुडी, लघवीला जळजळ. घरात बोलतात ते शब्द. पुस्तकात ‘अ‍ॅपल इज रेड’ असतं, पण लघवीला जळजळ इंग्रजीत कशी लिहायची हे त्यात नसतं.

क्रियाविशेषणांचं मात्र मी जरा कडक होऊनच शिकवते. ‘स्लो’ला ‘ली’ लावलं की ‘स्लोली’, ‘क्विक’चं ‘क्विकली’, एवढं पाठ असतं. त्याच नियमाने एका मुलीने सरावात लिहिलं, ‘पेशंट इज हार्डली ब्रीदिंग.’ तिला म्हणायचं होतं, पेशंट जोरजोरात, कष्टाने श्वास घेतोय. वाचणारा समजेल की श्वास जेमतेम चालू आहे, जवळजवळ थांबलाच आहे. दोन्हींत धावाधाव होईल, पण धावाधाव वेगळी होईल. ‘हार्ड’ स्वतःच क्रियाविशेषण म्हणूनही चालतं, आणि ‘हार्डली’ पूर्ण वेगळ्या अर्थाने निघून गेलेलं आहे. ‘लेट’ आणि ‘लेटली’चंही तसंच. अशा जोड्या थोड्याच आहेत, म्हणून त्या मी सरळ पाठ करून घेते. पाठांतराला माझा विरोध नाही, ते योग्य जागी हवं एवढंच.

पूर्ण वाक्याकडे मी मुद्दाम नंतर वळते.

मराठीत ‘आली’ एवढं म्हटलं तरी वाक्य पुरं होतं. कोण आली ते दोघींना माहीत असतं, आणि निदान बाई आहे, एकटी आहे, हे क्रियापदच सांगतं. इंग्रजीत ‘केम’ म्हणा. बाई की बाप्या, एक की दहा, मी की तू, काही कळत नाही. क्रियापद मुकं आहे, म्हणून कर्ता बोलून दाखवावाच लागतो. हे कारण सांगितलं की मुली कर्ता विसरत नाहीत. नुसतं ‘सब्जेक्ट कम्पल्सरी आहे’ म्हटलं तर महिनाभरात विसरतात. सांगायला कर्ता नसेल तरी इंग्रजी ती जागा रिकामी ठेवत नाही. सहा वाजले, पाऊस पडतोय, उशीर झाला, सगळीकडे ‘इट’ येऊन उभं राहतं. ‘मॅडम, पण इट म्हणजे कोण?’ कोणी नाही बाळ, ते जागा राखतंय.

‘पेशंट स्लीपिंग’ मधलं ‘इज’ कुठं गेलं, याचं कारण मला बोलण्याकडे कान दिल्यावर सापडलं. आपण ‘झोपला आहे’ असं म्हणतच नाही. आपण म्हणतो ‘झोपलाय’. करतोय, बसलीये, दिलंय. ‘आहे’चा एक बारीकसा ‘य’ उरतो. बोलताना जे सुटं ऐकूच येत नाही ते लिहिताना सुटं कसं आठवणार? मी त्यांना वाक्य आधी सावकाश, पुस्तकी मराठीत म्हणायला लावते : पेशंट झोपला आहे. ‘आहे’ कानावर पडलं की ‘इज’ हातून निसटत नाही. मात्र लगेच बजावते की प्रत्येक ‘आहे’चं ‘इज’ होत नाही, तापाचं आठवा.

पूर्ण वाक्याची परीक्षा मी दोन प्रश्नांत घेते. कोण किंवा काय? आणि काळ दाखवणारं क्रियापद कुठाय? ‘स्लीपिंग’ एकटं काळ दाखवत नाही. ‘गिव्हन’ एकटं दाखवत नाही. सोबत ‘इज’, ‘वॉज’, ‘हॅज बीन’ असलं तर वाक्य उभं राहतं.

इथं हुशार मुली हात वर करतात. ‘मॅडम, पण वॉर्डात सिस्टर तर असंच लिहितात. टी.पी.आर. चेक्ड. ड्रेसिंग डन. पेशंट कॉन्शस अँड ओरिएंटेड.’ (टी.पी.आर. म्हणजे ताप, नाडी आणि श्वास.) खरं आहे, आणि ते चूक नाही. नर्सिंग नोट्समध्ये पेशंटचं नाव वर लिहिलेलं असतं, वेळ समासात असते, सही खाली असते. कोण, कधी, कुणी, सगळं कागदावर आहेच, म्हणून ‘वॉज’ गाळला तरी बिघडत नाही. पंचवीस पेशंटच्या नोट्स संपवायच्या असलेल्या सिस्टरकडून पूर्ण वाक्यांची अपेक्षा करणं मला योग्य वाटत नाही. पण ती सिस्टर काय गाळतेय हे तिला माहीत असतं. माझ्या मुलीला ते माहीत नसेल तर तिला वाटतं हेच इंग्रजी. मग कागद बदलला की ती अडकते.

कागद बदलतोच. पेशंट कॉटवरून पडला की इन्सिडन्ट रिपोर्ट लिहावा लागतो. तिथं ‘फॉल डाउन फ्रॉम बेड, साइड रेल नॉट अप, रिलेटिव्ह नॉट प्रेझेंट’ असं लिहून भागत नाही. कोण पडलं, कधी, तेव्हा साइड रेल, म्हणजे कॉटचा कठडा, कुणी खाली केली होती, नर्स कुठं होती, पहिल्यांदा कुणी पाहिलं? प्रत्येक क्रियापदाला कर्ता हवा, कारण उद्या त्या कर्त्यावरच प्रश्न येणार. ‘द साइड रेल वॉज डाउन’ आणि ‘द रिलेटिव्ह हॅड लोअर्ड द साइड रेल’ या दोन वाक्यांत एका नर्सची नोकरी असू शकते. मी हे वर्गात स्पष्ट सांगते. मुली लहान आहेत म्हणून त्यांच्यापासून ते लपवणं बरोबर नाही.

‘बिकॉज’चं अर्धं वाक्यही तिथंच सापडतं. ‘ड्रेसिंग वॉज नॉट डन.’ मग पूर्णविराम. मग ‘बिकॉज पेशंट रिफ्यूज्ड.’ त्यात कर्ता आहे, क्रियापद आहे, तरी वाक्य अपुरं, कारण ‘बिकॉज’ त्याला आधीच्या वाक्याला बांधून ठेवतं. उभयान्वयी अव्यय म्हणजे ‘जोडणारा शब्द’ हे पाठ असलेल्या मुलीला इथं पहिल्यांदा दिसतं की काही जोड दोन्ही बाजूंना मोकळं ठेवतात आणि काही एका बाजूला टांगून ठेवतात. ‘अँड’, ‘बट’ एका ताटात, ‘बिकॉज’, ‘व्हेन’, ‘इफ’ दुसऱ्या.

फोनचं मी वर म्हटलंच. इथल्या हॉस्पिटलात डॉक्टरांशी मराठीत बोलून निभतं. पण आमच्या मुली पुण्या-मुंबईला जातात, तिथं रात्रीच्या ड्यूटीवरचे डॉक्टर कुठल्याही राज्यातले असतात. ‘सर, नॉट पासिंग, कॅथेटर ब्लॉक, व्हॉट टू डू?’ पलीकडून पहिला प्रश्न येतो, कोण? ‘सर, द पेशंट ऑन बेड सेव्हन हॅज नॉट पास्ड युरिन सिन्स सिक्स. आय थिंक द कॅथेटर इज ब्लॉक्ड.’ दोन पूर्ण वाक्यं आणि डॉक्टर निघाले. नर्सिंगमध्ये यासाठी ‘एसबार’ अशी पद्धत शिकवतातच, सिच्युएशन, बॅकग्राउंड, असेसमेंट, रेकमेंडेशन. मी तिच्या चार खणांत प्रत्येकी एक पूर्ण वाक्य बसवून घेते. जोड्या करून, एकीने फोन धरायचा, दुसरीने डॉक्टर व्हायचं. डॉक्टर झालेली मुलगी ‘कोण? कधी?’ म्हणून इतकं पिडते की समोरचीला कर्ता आणि काळ दोन्ही सुचतात.

परदेशी जाऊ पाहणाऱ्या माजी विद्यार्थिनी ओ.ई.टी.ची, म्हणजे आरोग्यसेवेतल्या लोकांसाठी असलेल्या इंग्रजीच्या परीक्षेची, तयारी करताना अधूनमधून फोन करतात. त्या परीक्षेचा लेखनाचा भाग बघितला तेव्हा मला फार बरं वाटलं. नर्सला तिथं केस नोट्स देतात, सगळ्या तुटक, अर्ध्या : कोणता आजार, कोणती औषधं, घरी कोण आहे. त्यावरून ४५ मिनिटांत, त्यातली पहिली ५ नुसती वाचायला, एक पत्र लिहायचं, पुढं त्या पेशंटची काळजी घेणाऱ्याला. म्हणजे अर्ध्या वाक्यांची पूर्ण वाक्यं करायची, आणि नोट्समधल्या नामांना क्रियापदं शोधायची. ‘हिस्ट्री ऑफ फॉल’चं ‘शी फेल’ करायचं. आम्ही पहिल्या वर्षात तेच करतोय.

या वर्षीपासून मी तो सराव सगळ्यांकडून करून घेते, परदेशी जायचं असो वा नसो. आमच्याच वॉर्डातल्या नोट्सच्या धर्तीवर, नाव-गाव काहीही नसलेल्या तुटक नोट्स मी स्वतः तयार करते आणि त्यावरून गावच्या आरोग्य केंद्रातल्या सिस्टरला पत्र लिहायला लावते. परीक्षेत ‘डिफाइन नाउन विथ एक्झाम्पल्स’ येतंच, त्याची व्याख्या शेवटच्या पंधरवड्यात पाठ करून घेते. उदाहरणं मात्र त्यांनी त्यांची लिहायची. गेल्या खेपेला एकीने पेपरात फीवर, पल्स आणि डिस्चार्ज ही तिन्ही लिहिली, आणि डिस्चार्जपुढे पूर्ण वाक्य देऊन खाली रेघ मारली.